मामींसोबत लातूर ते वेरूळ

मामांनी देहदान केलं त्याला दीड वर्ष झालं. शेवटची दोन वर्षं ते पोराकडं संभाजीनगरला होते, तिथंच गेले, आणि फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता त्यामुळं डोळे अगोदर काढून घेतले आणि मग अंत्यसंस्काराऐवजी मेडिकल कॉलेजची गाडी आली. गावाकडं औशाजवळ आमच्या लोकांना हे काही पटलं नाही. माती नाही, अस्थी नाहीत, दहाव्याला नदीवर काय घेऊन जायचं म्हणून भावकीत दोन दिवस वाद चालू होता. मामी तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. या डिसेंबरात मात्र मला फोन करून म्हणल्या, "तू ते शरीरशास्त्र शिकवतो ना, मला एकदा तिथं घेऊन चल, ह्यांना जिथं नेलं ते मला बघायचंय." मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. चार दिवस सुट्टी टाकली, गाडी काढली आणि निघालो.

बुधवार, लातूर ते अंबाजोगाई

मामींना सरळ संभाजीनगर गाठायचं नव्हतं, वाटेत देवदर्शन करत जायचं होतं, म्हणून पहिला मुक्काम अंबाजोगाई. रेणापूर फाट्यापासून पुढं ऊसाच्या ट्रॅक्टरांमागं जे अडकलो ते बर्दापूरपर्यंत. तूर पिवळी पडलेली, हवा गार, मामी शाल घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या.

योगेश्वरीचं दर्शन झालं, दुपारी दरीतल्या मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन आलो. पण मला खरं आकर्षण संतकवी दासोपंतांचं होतं. दासोपंतांनी खादीच्या कापडावर पंचीकरण लिहिलं, ती पासोडी याच गावात आहे, लांबी चाळीस फुटांच्या आसपास आणि रुंदी चारेक फूट. प्रत्यक्ष बघायला मिळाली नाही, मी फोटोत बघितलेली. मामींना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एवढं लांब कापड, जोड कुठं कुठं दिलाय?" टेलरच्या बायकोचा प्रश्न. मामांचं औशाला चाळीस वर्षं दुकान होतं, शर्ट-पँट आणि शाळेचे युनिफॉर्म.

पंचीकरण म्हणजे काय ते मी मामींना सांगत बसलो. हे शरीर पाच भुतांचं, आणि प्रत्येकाचे पुन्हा पाच पाच भाग. हाड, मांस, त्वचा, नाडी, रोम हे पृथ्वीचे. रक्त, लाळ, घाम हे पाण्याकडचे. भूक, तहान, झोप, आळस तेजाचे. हालणं, वळणं, पसरणं, आखडणं हे वायूचे. आणि काम, क्रोध, शोक, मोह, भय हे आकाशाचे. मला यातली एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे हाड आणि शोक एकाच यादीत बसवलेत, दोन्ही शरीराचेच भाग म्हणून. आमच्या पुस्तकात शोकाला धडा नाही. आणि हे सगळं एका लांबच लांब कापडावर! आज प्रत्येक लॅबमध्ये भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता टांगलेला असतो. दासोपंतांनी तो चारशे वर्षांपूर्वी विणलेल्या कापडावर मांडला, हेतू वेगळा होता हे मला कळतं, त्यांना देहातून बाहेर पडायचं होतं आणि आम्हाला देहाच्या आत शिरायचं असतं, पण आधी एकेक भाग सुटा करून बघायला तर दोघांनाही लागतं.

संध्याकाळी स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजवरून गेलो. आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून त्याचं नाव घेतात. गेटबाहेर चहाच्या गाड्यावर पांढऱ्या ॲप्रनमधली पोरं-पोरी उभी होती. मामी त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

गुरुवार, परळीमार्गे संभाजीनगर

सकाळी परळी. वैजनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातनं निघालेलं अमृत आणि धन्वंतरी दोघं या लिंगात लपले अशी कथा इकडं सांगतात आणि म्हणून इथं लिंगाला हात लावून दर्शन घ्यायचं. मामींनी दोन्ही हात टेकवले ते बराच वेळ काढलेच नाहीत, मागची रांग पण काही बोलली नाही.

मग तेलगाव, माजलगाव, गढी. रस्ता लांब, आणि त्या गाडीत मामी पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. मला वाटतं समोर रस्ता असला आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नसलं की माणूस बोलतो.

त्यांनी विचारलं, "खरं सांग, तिथं काय करतात त्यांचं?"

मी लपवलं नाही. म्हणलं, आधी जांघेतल्या नाहीतर मानेच्या धमनीतनं फॉर्मॅलिनचं द्रावण सोडतात, म्हणजे जिथनं आयुष्यभर रक्त फिरलं त्याच वाटेनं ते औषध अंगभर पोचतं आणि शरीर सडत नाही. मग काही महिने टाकीत ठेवतात. नंतर पहिल्या वर्षाची लेकरं एका टेबलाभोवती उभी राहून हळूहळू, कातडी, त्याखाली चरबी, त्याखाली स्नायू, नस, धमनी असं एकेक थर उलगडत शिकतात. बहुतेक ठिकाणी सुरुवात हातापासून होते.

"हातापासून," मामी म्हणल्या आणि गप्प झाल्या. गढी आली, गेली, मग म्हणल्या, "बरंय. ह्यांचा हात चांगला होता."

गेवराईला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न टाकला आणि तो मला आजपर्यंत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. "आता लोक फॉर्म भरतात, पण आधी कुणाचं कापायचे?"

मी वर्गात नेहमी शोधणाऱ्यांचीच नावं सांगतो. गेलन नावाच्या जुन्या ग्रीक वैद्यानं माकडं आणि डुकरं उघडून शरीरशास्त्र लिहिलं आणि तेराशे वर्षं युरोपात तेच प्रमाण धरलं गेलं. मग ब्रसेल्सचा व्हेसॅलियस आला, इटलीत पाडुआला शिकवत होता, स्वतः सुरी हातात घेऊन माणसाचं शरीर उघडायचा, आणि १५४३ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी स्वित्झर्लंडातल्या बासेलला त्यानं आपला मोठा ग्रंथ छापला. गेलन म्हणायचा खालचा जबडा दोन हाडांचा, ह्यानं दाखवलं की एकाच हाडाचा. हे मी दरवर्षी शिकवतो, पोरांना जबड्याला हात लावून बघायला सांगतो. पण व्हेसॅलियसच्या टेबलावर कोण होतं? फाशी दिलेले लोक. त्याच १५४३ साली बासेलमध्ये त्यानं याकोब कारर नावाच्या, मृत्युदंड झालेल्या माणसाचं शरीर उघडून त्याचा सांगाडा जोडला, आणि तो सांगाडा आजही बासेलच्या म्युझियममध्ये उभा आहे. पावणेपाचशे वर्षं उभा आहे! त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढं ब्रिटनमध्ये तर प्रेतं कमी पडायची म्हणून कबरीतनं चोरायचे. एडिंबरोला बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ मध्ये शरीरं विकायला म्हणून माणसं मारली. त्यानंतर १८३२ मध्ये तिथं कायदा झाला, की हॉस्पिटलात आणि अनाथ-गरिबांच्या आश्रमात जे बेवारस मरतील ते कॉलेजला द्यायचे. म्हणजे चोरी थांबली, पण टेबलावर आला तो गरीबच. ज्या ग्रेच्या पुस्तकाचं नाव प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं ते १८५८ मध्ये निघालं, मजकूर हेन्री ग्रेचा आणि त्यातली ३६३ चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टरची. त्या चित्रांमागची शरीरं लंडनमधल्या अशाच लोकांची, ज्यांना न्यायला कुणी आलं नाही. ग्रे तीन वर्षांत देवीच्या रोगानं ३४ व्या वर्षी गेला. आणि कार्टर, ज्याला पुस्तकाच्या विक्रीतला वाटा मिळालाच नाही, तो पुस्तक निघालं त्याच वर्षी आपल्याकडं मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. जगातलं सगळ्यात गाजलेलं शरीराचं चित्र काढणारा हात पुढं आपल्या महाराष्ट्रातल्या कुष्ठरोग्यांना तपासत फिरला, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही, फार उशिरा वाचलं.

आपल्याकडं कलकत्त्याला १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी पहिल्यांदा सुरी लावली. ते वैद्य, संस्कृतचे पंडित, सुश्रुत वाचलेले. प्रेताला शिवणं म्हणजे तेव्हा जातीबाहेर जायची वेळ, तरी त्यांनी ते केलं. फोर्ट विल्यम किल्ल्यावरून तोफांची सलामी दिली असं सांगतात. पण मामींच्या प्रश्नानंतर माझ्या डोक्यात दुसरंच आलं, की गुप्तांचं नाव राहिलं, त्या टेबलावरच्या माणसाचं नाही.

शहागडच्या पुलावर गोदावरी आली. मामींनी गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरून कठड्याशी हात जोडले. इथंच अस्थी सोडायच्या असा भावकीचा आग्रह होता. मला त्या क्षणी सुश्रुताची पद्धत आठवली आणि मी सांगू का नको असं करत शेवटी सांगितली. सुश्रुत म्हणतो, ज्याला शल्यविद्या शिकायचीय त्यानं आधी मेलेलं शरीर नीट बघावं. विष न घेतलेलं, फार दिवस आजारी नसलेलं, सगळी अंगं शाबूत असलेलं शरीर घ्यायचं, आतडी साफ करायची, मुंज गवत, कुश, ताग असल्या कशानं तरी गुंडाळायचं, पिंजऱ्यात ठेवायचं आणि वाहत्या नदीत आडबाजूला सोडायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं. मग वाळा गवत, केस, बांबू यांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत कातडीपासून सुरू करून आतलं बाहेरचं एकेक अंग डोळ्यानं बघायचं. सुरी नाहीच! नदीच थर सैल करते आणि कुंचला ते उचलतो.

मामींनी सगळं ऐकलं आणि पाण्याकडं बघून म्हणल्या, "म्हणजे नदीत गेलं काय आन् टेबलावर गेलं काय, शिकायलाच गेलं." मग जरा वेळानं, "हे तू दहाव्याला का नाही सांगितलंस रे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हा मी पण मागं उभा होतो, भावकीसमोर तोंड उघडायचं मला धाडस झालं नाही, ते मी मामींना तसंच सांगितलं.

शुक्रवार, कॉलेज

कॉलेजचं नाव लिहीत नाही, मामींनी नको सांगितलंय. शरीररचना विभागात पोचायच्या आधीच जिन्यात तो वास येतो, डोळ्याला झोंबणारा, मला वीस वर्षांनी पण ओळखू आला. विभागातल्या मॅडमनी आम्हाला हॉलमध्ये नेलं नाही, ते बरोबरच आहे, त्यांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, मामींना ताई म्हणल्या.

मॅडमनी सांगितलं, इथं आल्यावर शरीराला फक्त नंबर असतो, मुलांना नाव सांगत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला मुलं त्या शरीरापुढं उभी राहून शपथ घेतात, की ह्या देहाचा मान राखू, टिंगल करणार नाही, फोटो काढणार नाही, जे शिकू ते रुग्णांसाठी वापरू. त्याला पहिला गुरू म्हणतात. काम संपल्यावर जे उरतं त्याचा इथलेच लोक रीतसर अंत्यविधी करतात, काही हाडं शिकवायला ठेवतात. "म्हणजे त्यांचा झाला का?" मामींनी विचारलं. मॅडम म्हणल्या, "झाला असणार ताई, मागच्या वर्षीच्या बॅचलाच होते ते."

मग म्युझियम दाखवलं. काचेच्या बरण्यांत हृदयं, मेंदूचे काप, गर्भाचे महिने महिने. मामी हृदयापाशी थांबल्या, म्हणल्या एवढंसंच असतं? मुठीएवढं असतं म्हणलं, प्रत्येकाच्या ज्याच्या त्याच्या मुठीएवढं. त्यांनी स्वतःची मूठ मिटून बरणीजवळ धरून बघितली. शेजारी हाताचा सांगाडा तारेनं जोडलेला, एका हातात २७ हाडं, आठ मनगटात, पाच तळव्यात, चौदा बोटांत. हाताचे दोन पंजे आणि दोन पावलं मिळून १०६ होतात, शरीरातल्या २०६ पैकी निम्म्याहून जास्त. मी ते मोठ्यानं मोजत होतो आणि मागं दोन पोरी आणि एक पोरगा येऊन उभे राहिले, सेकंड इयरचे. मॅडमनी ओळख करून दिली, पण कोण, कशाला आलेत ते फार सांगितलं नाही, देहदान केलेल्यांच्या घरचे एवढंच.

त्यातली एक मुलगी, बोलण्यावरनं जालना-परतूरकडची वाटली, वाकून मामींच्या पाया पडली. मग दुसरी पण. मामी गोंधळल्या. आणि मग त्यांनी जे विचारलं ते त्या लातूरपासून मनात धरून आल्या होत्या असं मला आता वाटतं.

"पोरी, तुम्ही जे शिकला त्यात एकाच्या उजव्या अंगठ्याला घट्टा होता का गं? आतल्या बाजूनं. कात्रीचा."

मॅडम काही बोलणार होत्या, नाव-ओळख सांगत नाहीत हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. पण मुलगी बोलून गेली होती. ती म्हणाली, आमच्या टेबलावर नाही, शेजारच्या टेबलावर होता आजी, अंगठ्याला आणि मधल्या बोटाला, लई जाड कातडी. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. सर विचारत होते हा माणूस काय काम करत असेल सांगा. कुणी म्हणलं न्हावी, कुणी म्हणलं माळी.

"शिंपी," मामी म्हणल्या. "कापड कापायची मोठी कात्री. अंगठा आन् मधलं बोट."

तो मामांचाच हात असेल असं मी सांगू शकत नाही. कात्रीवर आयुष्य काढलेली माणसं या भागात पुष्कळ आहेत. मॅडमनी पण हो-नाही काही म्हणलं नाही. पण त्या पोरानं, जो आतापर्यंत गप्प होता, स्वतःचा उजवा हात पुढं केला, अंगठा आणि मधलं बोट कात्री धरल्यासारखं हलवलं आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबून मामींना दाखवलं की हा उंचवटा तीन छोट्या स्नायूंचा आहे, अंगठा वळतो तो यांच्या जोरावर. आणि बोटं मिटतात ते स्नायू बोटांत नसतातच आजी, ते इथं कोपराजवळ, दोऱ्या तेवढ्या बोटापर्यंत जातात. त्याच टेबलावर शिकलो, म्हणाला. मामींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कोपरापासून बोटापर्यंत चाचपून बघितला, कापडाचा पोत बघतात तसा.

त्या रात्री जेवल्या नीट. दीड वर्षात पहिल्यांदा मामांच्या दुकानातल्या गोष्टी सांगत बसल्या, माप घेताना ते कसे गिऱ्हाईकाला न सांगता एक खांदा खाली आहे ते ओळखायचे आणि शर्टात तेवढा फरक ठेवायचे.

शनिवार, वेरूळ

वेरूळ मंगळवारी बंद असतं, त्यामुळं शनिवार बरा. कैलास लेणं बघून मामींचे पाय दुखायला लागले होते, तरी मी त्यांना २१ नंबरला नेलंच. बाहेर मकरावर उभी गंगा आहे, ती सगळे बघतात. मला आतल्या उजव्या दालनात जायचं होतं. तिथं सप्तमातृका आहेत, गणपती आहे, आणि बाजूला काल आणि काली, हाडांचा नुसता सापळा. बरगड्या वर आलेल्या, पोट पाठीला लागलेलं. सहाव्या शतकाच्या आसपासचं काम. मी बरगड्या मोजायचा प्रयत्न केला, दगड झिजलाय, अंधार पण होता, नीट मोजता आल्या नाहीत. पण ज्यानं हे कोरलं त्यानं उपाशी माणूस जवळून बघितला होता एवढं मी खात्रीनं सांगतो. मराठवाड्यात दुष्काळ काही नवीन नाही.

मामींना सापळा बघून भृंगीची गोष्ट आठवली, कीर्तनात ऐकलेली. भृंगी फक्त शंकराला प्रदक्षिणा घालायचा, पार्वतीला टाळायचा. पार्वती म्हणाली, मग आईकडनं आलेलं परत कर, आणि त्याच्या अंगावरचं रक्तमांस सगळं गळून पडलं, हाडं तेवढी राहिली. उभं राहता येईना म्हणून शंकरानं तिसरा पाय दिला.

मी थक्क झालो, कारण हेच सुश्रुतात आहे. त्याच्या शारीरस्थान नावाच्या भागात लिहिलंय की केस, हाडं, नखं, दात, शिरा असे टणक भाग बापाकडनं येतात आणि मांस, रक्त, मेद, हृदय, यकृत, आतडी असे मऊ भाग आईकडनं. आजच्या विज्ञानात असली वाटणी नाही, प्रत्येक पेशीत दोघांचं निम्मं निम्मं असतं. पण ग्रंथातलं वाक्य कीर्तनकाराच्या तोंडून औशाच्या बाईपर्यंत आलं आणि लेण्यात सापळा होऊन उभं राहिलं हे मला आजवर दिसलं नव्हतं. हाडं किती यावर पण आपल्याकडं जुना वाद आहे, चरकाच्या हिशोबात ३६०, सुश्रुत म्हणतो शल्यवाल्यांच्या मते ३००. दात, नखं, कूर्चा काय धरायचं यावर आकडा बदलतो, चरकानं तर दातांच्या ३२ खोबण्या पण वेगळ्या मोजल्यात. चुकीचं म्हणून हसायची ही गोष्ट नाही, हाताळल्याशिवाय एवढं बारीक मोजताच येत नाही.

मामी कालीच्या पायाशी बसल्या होत्या. म्हणल्या, "ह्यांची हाडं ठेवली असतील का रे त्यांनी?" म्हणलं काही ठेवतात, माहीत नाही. "ठेवू दे," म्हणल्या. "बरणीत नको पण. हातात घेऊन बघतील असं ठेवू दे."

रविवार आणि सोमवार

रविवारी सरळ घरी. शहागडला मामी झोपल्या होत्या, मी गाडी थांबवली नाही. औशाला सोडायला गेलो तर त्यांनी आत जाऊन मामांची कात्री आणली, काळी, जड, मुठीला कापडाची पट्टी गुंडाळलेली, आणि माझ्या हातात दिली.

सोमवारी अकरावीला सांगाड्याचा धडा चालू होता. मी फळ्यावर हात काढला, २७ हाडांची नावं लिहून घेतली, मग कात्री काढून पहिल्या बाकावरच्या पोराला दिली आणि म्हणलं, धर, आणि उघडमीट करताना दुसऱ्या हातानं स्वतःच्या कोपराखाली दाबून बघ काय हालतंय. साठ पोरांच्या हातातनं फिरून कात्री परत यायला तास संपला.